अनिश्चिततेचे मोल

(प्रस्तुत अनुवादाच्या निमित्ताने बंगळूर येथे मराठी वाचकांच्या सभेत अनुवादिकेने केलेले भाषण)



विज्ञानविषयक पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त त्रास पारिभाषिक शब्द देतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो फारसा खरा नाही. पारिभाषिक शब्दांसाठी कोश असतात, परिभाषा समित्यांच्या याद्या असतात आणि काहीच हाती न लागले तर मूळ शब्द देवनागरीत लिहिण्याची सोय असते. खरी कसोटी लागते ती अगदी लहान, निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांपाशी. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘शक्य आहे’, ‘असे दिसते’, ‘सध्याच्या पुराव्यावरून’ हे ते शब्द होत. वाक्य सुटसुटीत व्हावे म्हणून अनुवादकाची लेखणी प्रथम यांच्यावरच चालते. ‘असावे’ या जागी ‘आहे’ लिहिले की वाक्य ठसठशीत होते, वाचकालाही बरे वाटते. परंतु शास्त्रज्ञाने केलेला अंदाज त्या एका क्रियापदाने निकाल होऊन बसतो.

या बाबतीत आपली मराठी दरिद्री नाही. ‘पाऊस पडला आहे’, ‘पाऊस पडला असावा’ आणि ‘पाऊस पडला असेल’ ही तीन वाक्ये तीन निरनिराळ्या खात्रीची आहेत. पहिल्यात बोलणाऱ्याने ओले अंगण पाहिले आहे, दुसऱ्यात त्याला मातीचा वास आला आहे, आणि तिसऱ्यात तो केवळ तर्क करीत आहे. आपली आजी या तिन्ही रूपांचा वापर कधीही न चुकता करीत असे. मग छापील मजकुरात आल्याबरोबर हा विवेक आपल्याकडून का सुटावा? आज मला या प्रश्नाच्या निमित्ताने अनिश्चिततेविषयी बोलावयाचे आहे. अनिश्चितता म्हणजे ज्ञानातील उणीव, एवढेच आपण सहसा मानतो. ती शोधाला आणि निर्णयाला कशी उपयोगी पडते, हे या शहराशी नाते असलेल्या काही उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण जुने आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राच्या छायेचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेला. वर्णपटदर्शक हे त्या काळी नवे साधन होते. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाला कशाच्या बनलेल्या आहेत, हे त्या साधनाने ठरवावे म्हणून निरीक्षक ठिकठिकाणी जाऊन बसले होते. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला होते. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल हे रॉयल सोसायटीच्या वतीने दुर्बीण लावून बसले होते.

या निरीक्षकांना ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाला तप्त वायूंच्या आहेत हे सिद्ध झाले. त्या रेषांपैकी एक पिवळ्या-नारिंगी रंगाची होती. सोडियमची प्रसिद्ध रेषा त्याच जागी असते, म्हणून ही रेषा सोडियमचीच असे मानणे अत्यंत स्वाभाविक होते. जमखंडीच्या निरीक्षकानेही ती सोडियमचीच धरली. मात्र त्याने एक मर्यादा घातली : आपल्या उपकरणाची जेवढी कुवत आहे, तेवढ्यापुरतेच हे म्हणणे. वरवर पाहता ही मर्यादा केवळ सभ्यपणाची वाटते. वस्तुतः हेलियमचा शोध त्या मर्यादेच्या पलीकडे दडलेला होता. ती रेषा सोडियमच्या रेषेच्या अगदी जवळ होती, परंतु तिच्यावर नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला, तेव्हा हा फरक स्पष्ट झाला. पृथ्वीवर कोणालाही ठाऊक नसलेल्या मूलद्रव्याची ही रेषा असावी, असा तर्क पुढे आला. हे मूलद्रव्य पृथ्वीवरील खनिजातून वेगळे होऊन विल्यम रॅम्से यांच्या हाती आले ते १८९५ साली. म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षे हेलियम हे ‘आहे’ आणि ‘असावे’ यांच्या मधल्या प्रदेशात होते.

येथे आपल्या ओळखीच्या एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. विजयदुर्गच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितात आणि लॉकयर यांनी तेथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. छायेचा पट्टा त्या किनाऱ्यावरून गेला होता, हे खरे. परंतु लॉकयर त्या ग्रहणाच्या वेळी हिंदुस्थानात नव्हते. त्यांचे ते निरीक्षण इंग्लंडमधले आणि ग्रहणानंतर दोन महिन्यांनी झालेले आहे. कोकणचा अभिमान मलाही आहे. परंतु या कथेने एक मोठे नुकसान होते. ‘अमुक दिवशी, अमुक कट्ट्यावर, अमुक साहेबाने शोध लावला’ असे एकदा म्हटले की, सत्तावीस वर्षांची ती घालमेल, जमखंडीच्या निरीक्षकाने घातलेली ती मर्यादा, मछलीपट्टणची टिपणे हे सारे पुसले जाते आणि शोध म्हणजे एका क्षणात सापडलेले गुप्तधन होऊन बसतो. मुलांना आपण शोधाची तारीख शिकवितो, शोध कसा लागतो हे शिकवीत नाही.

दुसरे उदाहरण त्याच मद्रास वेधशाळेच्या वंशातले आहे. ती वेधशाळा कालांतराने कोडाईकॅनालला गेली आणि तिचीच परंपरा पुढे चालविणारी भारतीय ताराभौतिकी संस्था आज या बंगळूर शहरात कोरमंगल भागात आहे. संस्थेची दुर्बीण तामिळनाडूतील जवादी डोंगरात, कावलूर येथे आहे. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस हा ग्रह एका अंधुक ताऱ्यासमोरून जाणार होता. अशा प्रसंगाला पिधान म्हणतात. तारा ग्रहाआड जाताना त्याचा प्रकाश कसा मंदावतो, यावरून ग्रहाच्या वातावरणाविषयी पुष्कळ कळते. कावलूरला जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर हे पिधान टिपण्यासाठी सज्ज होते. हिंदी महासागरावर उडणाऱ्या एका अमेरिकी विमानातही जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी दुर्बीण घेऊन बसले होते.

ग्रहाची छाया पृथ्वीवर नेमकी कोठून जाईल आणि नेमकी केव्हा येईल, याविषयीच्या गणितात संदिग्धता होती. या संदिग्धतेमुळेच निरीक्षकांनी यंत्रे ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी सुरू केली होती. वेळेचे भाकीत पक्के असते तर कदाचित कोणीही आधीपासून कागद फिरवीत बसले नसते. आणि मुख्य पिधानाच्या आधी, जेव्हा काहीही घडावयाचे नव्हते, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद मंदावला व पुन्हा पूर्ववत झाला.

अशा वेळी चार स्पष्टीकरणे मनात येतात. ढगाचा तुकडा आडवा गेला असेल. यंत्र बिघडले असेल. दुर्बीण किंचित हलली असेल. किंवा खरोखरच आकाशात काहीतरी असेल. पहिली तीन स्पष्टीकरणे रोजच्या परिचयाची असतात, आणि ‘यंत्राचा दोष’ असा शेरा मारून टिपण बाजूला ठेवणे सोपे असते. कावलूरच्या निरीक्षकांनी ते बाजूला ठेवले नाही. मे १९७७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याचे शीर्षक होते युरेनसचा एक नवा उपग्रह. त्याच वेळी एलियट यांच्या चमूने ग्रहाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर प्रकाश मंदावल्याचे दाखवून दिले. उपग्रह एका बाजूला असेल. दोन्ही बाजूंना सममितीने असणारी वस्तू म्हणजे कडे. युरेनसला कडी आहेत असे त्यांनी म्हटले. कावलूरच्या शास्त्रज्ञांनी आपल्या आलेखांकडे पुन्हा नव्या दृष्टीने पाहिले, आणि त्याच वर्षी भट्टाचार्य व संस्थेचे संचालक वेणू बाप्पू यांनी युरेनसभोवतालच्या कड्यांवर दुसरा निबंध प्रसिद्ध केला. व्हॉयेजर २ हे यान जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून गेले तेव्हा त्या कड्यांची जवळून छायाचित्रे मिळाली.

‘उपग्रह’ हा पहिला अर्थ टिकला नाही. परंतु तो जाहीरपणे, पुराव्यासह, तपासता येईल अशा रीतीने मांडलेला होता म्हणूनच काही महिन्यांत तो दुरुस्त होऊ शकला. शोधाच्या क्षेत्रात अनिश्चिततेचे पहिले मोल हे आहे : जे अपेक्षित नव्हते ते दिसण्यासाठी ती जागा मोकळी ठेवते. ज्याला काय दिसणार हे आधीच पक्के ठाऊक असते, त्याला तेवढेच दिसते.

आता मी वेधशाळेतून शेताकडे वळते; कारण अनिश्चिततेची किंमत तेथे धान्यात आणि कर्जात मोजावी लागते.

सुलोचना गाडगीळ हे नाव येथील मराठी मंडळींना परके नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि शिकलेल्या, हार्वर्ड विद्यापीठात गणिताच्या उपयोजित शाखेत संशोधन केलेल्या या विदुषीने १९७३ पासून येथील भारतीय विज्ञान संस्थेत मोसमी पावसाचा अभ्यास केला. २०२५ साली त्यांचे निधन झाले. शाळेत आपण सर्वांनी मोसमी वाऱ्यांचे जे कारण पाठ केले ते असे : उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरील हवा वर जाते, आणि समुद्रावरून बाष्पयुक्त वारे आत येतात. ही उपपत्ती एडमंड हॅली यांनी १६८६ साली मांडली. ती सोपी आहे, चित्र काढून दाखविता येते आणि परीक्षेत गुण मिळवून देते.

परंतु हे कारण संपूर्ण असेल, तर जमीन जितकी तापलेली तितका पाऊस अधिक, असे दिसावयास हवे. प्रत्यक्षात जमीन सर्वांत जास्त तापते ती मे महिन्यात, आणि पाऊस पडतो जुलैमध्ये, जमीन थंडावल्यावर. शिवाय दुष्काळाच्या वर्षी जमीन सुकाळाच्या वर्षापेक्षा अधिक तापलेली असते. ही विसंगती १९२१ साली सिम्प्सन यांनी दाखवून दिली होती. तरीही पाठ्यपुस्तकातील चित्र बदलले नाही. उपग्रहांची छायाचित्रे मिळू लागल्यावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी रोजच्या चित्रांवरून ढगांच्या पट्ट्याचा मागोवा घेतला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून असे दिसले की, आपल्याकडील पाऊस हा विषुववृत्ताजवळील ढगांच्या विशाल पट्ट्याच्या उत्तरेकडे सरकण्याशी निगडित आहे. विषुववृत्ताकडच्या समुद्रावर असा पट्टा उद्भवतो आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उत्तरेला भूमीकडे येतो. पावसात पडणारे खंड आणि त्यानंतर पावसाचे पुनरागमन, या गोष्टी त्यामुळे समजू लागल्या. तीनशे वर्षांच्या मान्य उत्तरासमोर ‘असे असेल का?’ हा प्रश्न ठेवण्याचे धैर्य कोणीतरी केले म्हणून हे साधले.

मोसमी पाऊस समजू लागला म्हणजे तो सांगता येऊ लागला, असे मात्र नव्हे. २००२ साली हवामान खात्याने देशभरच्या पावसाचे भाकीत सरासरीच्या १०१ टक्के असे केले होते. प्रत्यक्षात पाऊस झाला सुमारे ८१ टक्के. एकट्या जुलै महिन्यात निम्माच पाऊस पडला. अशा भाकितांबरोबर चुकीची मर्यादाही दिलेली असते. परंतु वर्तमानपत्राच्या मथळ्यात ती मावत नाही. मथळा म्हणतो, ‘यंदा पाऊस सरासरीइतका’. शेतकऱ्याच्या कानावर पडते ते एवढेच. मी लहान शब्दांविषयी बोलत होते ते यासाठी.

मग भाकितच पक्के नसेल तर निर्णय घ्यावा कसा? येथे गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाची दुसरी बाजू पुढे येते. कर्नाटकातील पावगडा आणि शेजारचा आंध्रातील अनंतपूर हा भाग अत्यंत कमी पावसाचा. तेथे पूर्वी अनेक पिके मिसळून घेत असत. पुढे भुईमूग हे नगदी पीक सर्वत्र पसरले. जुन्या पिकांबद्दल पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले होते. नव्या पिकाबद्दल ते साठण्यास वेळच मिळाला नव्हता. म्हणून या संशोधकांनी शेतकऱ्यांशी चर्चा केली, कोणते निर्णय त्यांना अडचणीचे वाटतात ते विचारले, आणि जुन्या पावसाच्या नोंदी व पिकाच्या वाढीचे गणिती प्रारूप एकत्र करून एक प्रश्न सोडविला : पेरणी अमुक तारखेला केली असती तर गेल्या कित्येक वर्षांत किती वेळा पीक आले असते आणि किती वेळा बुडाले असते? ‘यंदा पाऊस कसा होईल’ हा प्रश्न त्यांनी बाजूस ठेवला. ‘पाऊस कसाही झाला तरी बुडण्याचा धोका कोणत्या दिवसांत कमी’ हा प्रश्न घेतला. पहिल्या प्रश्नाला आज उत्तर नाही, दुसऱ्याला आहे.

हे थोडे गणित करून पाहू. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, परंतु परिस्थिती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला, वाफसा आला. आता पेरावे की दहा दिवस थांबावे? पेरल्यानंतर पावसाने दडी मारली तर दुबार पेरणीचा भुर्दंड एकरी ६,००० रुपये. थांबल्यास हंगाम पुढे ढकलल्यामुळे उत्पन्नात एकरी १,५०० रुपयांची घट. पावसात खंड पडण्याची शक्यता शंभरात तीस आहे असे समजा. म्हणजे पाऊस चालू राहण्याचीच शक्यता जास्त. ‘पाऊस राहील’ असे कोणी ठामपणे सांगितले तर तो बहुतेक वेळा बरोबरच ठरेल. तरीही दहा हंगामांचा हिशेब पाहा. दर वेळी लगेच पेरणाऱ्याला तीन वेळा भुर्दंड पडेल : १८,००० रुपये. दर वेळी थांबणाऱ्याचे नुकसान १५,००० रुपये. थांबणेच शहाणपणाचे. शक्यता शंभरात वीस असती, तर पेरणाऱ्याचे नुकसान १२,००० आणि पेरणे शहाणपणाचे. आणि ज्याच्या शेतात विहीर आहे, खंड पडला तरी जो २,००० रुपयांच्या खर्चात पीक तगवू शकतो, त्याने तीस टक्क्यांनाही बेलाशक पेरावे. त्याचे दहा हंगामांचे नुकसान केवळ ६,०००.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ‘पाऊस येणार’ हे ठाम वाक्य तिन्ही शेतकऱ्यांना एकच सल्ला देते, आणि त्यांतील एकाला बुडविते. ‘खंड पडण्याची शक्यता शंभरात तीस’ हे संदिग्ध वाटणारे वाक्य प्रत्येकाला आपापल्या विहिरीप्रमाणे, आपापल्या कर्जाप्रमाणे निराळा निर्णय घेऊ देते. ठाम वाक्यात निर्णय सांगणाऱ्याने घेतलेला असतो. अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगितली की तो ऐकणाऱ्याच्या हाती राहतो. म्हणून अनिश्चितता सांगणे हा ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा सन्मान आहे. आणि आपल्या पूर्वजांना हे अपरिचित नव्हते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ या म्हणीतला ‘तर’ पाहा. नक्षत्रांच्या आपल्या कितीतरी म्हणी अशा ‘तर’वर उभ्या आहेत.

तिसरे क्षेत्र यंत्ररचनेचे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे विक्रम हे अवतरक चंद्रावर आदळले. त्या रात्री याच शहरातील नियंत्रण कक्षावर साऱ्या देशाचे डोळे लागलेले होते. पुढे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी त्या अपयशाची मीमांसा जाहीरपणे सांगितली. यंत्रांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त होता, लहान लहान चुका साचत गेल्या, आणि उतरण्याची जागा ५०० मीटर लांब-रुंद एवढीच ठरविलेली असल्यामुळे यान ती गाठण्यासाठी वेग वाढवीत राहिले. चांद्रयान-३ ची रचना करताना प्रश्नच बदलण्यात आला. सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले तर यान कसे उतरेल, याऐवजी काय काय बिघडू शकते आणि बिघडले तरी ते कसे उतरेल, असे विचारण्यात आले. जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर इतकी मोठी धरली. सेकंदाला दोन मीटरऐवजी तीन मीटर वेगाने टेकले तरी सहन होईल असे पाय केले. इंधन वाढविले. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी ते यान अलगद उतरले. आपल्याला सर्व ठाऊक नाही हे गृहीत धरून यान बांधले गेले.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. संशयी माणसाचा नाश होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवाय अनिश्चिततेच्या नावाखाली धरसोड करणारे, जबाबदारी टाळणारे, ‘अजून अभ्यास चालू आहे’ म्हणत वर्षे घालविणारे लोक आपण पाहिलेलेच असतात. सरकारी कागदांत ‘आवश्यकतेनुसार कार्यवाही’ हा शब्दप्रयोग असतो, त्यात संदिग्धता भरपूर असते. पण ज्ञानाचा लवलेशही नसतो. मग मी या गोष्टींची तरफदारी करीत आहे काय?

मुळीच नाही. मोजलेली अनिश्चितता आणि मोघमपणा या परस्परविरोधी गोष्टी आहेत. ‘शंभरात तीस’ असे म्हणणारा माणूस स्वतःला बांधून घेतो. शंभर वेळा त्याचे म्हणणे पडताळून पाहता येते. ‘काही अंशी शक्यता नाकारता येत नाही’ असे म्हणणारा कशानेच बांधला जात नाही. जमखंडीच्या निरीक्षकाने आपल्या उपकरणाची मर्यादा सांगितली, पण रेषा पाहिली हेही सांगितले. आपल्याकडील न्यायदर्शनाने तर या विषयाची फार सुंदर मांडणी केलेली आहे. न्यायसूत्रांच्या आरंभी जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत ‘संशय’ तिसरा आहे आणि ‘निर्णय’ नववा. मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क अशा पाच पायऱ्या आहेत. संशय हा तेथे दोष म्हणून नव्हे, ज्ञानाचे अंग म्हणून गणलेला आहे. संशयावाचून विचाराला आरंभ नाही, आणि निर्णयापर्यंत न पोचणारा संशय अपुरा आहे. नाश होतो तो तिसऱ्या पायरीवरच बसून राहणाऱ्याचा. आणि पहिल्या पायरीवरून नवव्या पायरीवर उडी मारू पाहणाराही पडल्यावाचून राहत नाही.

वाचक या नात्याने आपण काय करावे, एवढे सांगून मी थांबते. कोणतेही भाकीत, कोणताही वैद्यकीय अहवाल, कोणतीही योजना आपल्यासमोर आली म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. सांगितलेला आकडा किती चुकू शकतो? एका बाजूला चूक झाली तर माझे नुकसान किती, आणि दुसऱ्या बाजूला झाली तर किती? आणि नवी माहिती मिळाल्यावर निर्णय बदलण्यास जागा ठेवली आहे काय? या प्रश्नांना शास्त्राची पदवी लागत नाही. बियाण्याची थैली हातात धरून आकाशाकडे पाहणारी बाई हेच प्रश्न मनात घोळवीत असते. तिला उत्तरे देताना आपण ‘असावे’चे ‘आहे’ करू नये, एवढेच तिचे आपल्यापाशी मागणे आहे.

या पुस्तकात ‘बहुधा’, ‘कदाचित’ आणि ‘असे दिसते’ हे शब्द आपल्याला वारंवार आढळतील. काही ठिकाणी त्यांमुळे वाक्य लांबले आहे, क्वचित जडही झाले आहे. ते मूळ लेखकाच्या जागी, त्याने ठेवले तेवढ्याच वजनाने राहावेत, असा माझा प्रयत्न आहे. वाचताना त्यांच्यावरून घाईने पुढे जाऊ नये, अशी विनंती करते.